'मिस' म्हणजे फक्त आठवण येणे नव्हे

'मिस करणे म्हणजे आठवण येणे' हा अर्थ बरोबर आहे, पण तो मुळातला नाही. जुन्या इंग्रजीतल्या 'मिस्सन'चा अर्थ नेम हुकणे. बस चुकणे, संधी हुकणे, वाक्यातला शब्द ऐकायचा राहून जाणे, सगळं त्यातूनच आलं.

आठवणीपर्यंतचा प्रवास मला फार आवडतो. 'आय डिडन्ट मिस माय कीज टिल इव्हनिंग' हे वाक्य बघा. इथे किल्ल्यांची आठवण येऊन कुणी व्याकूळ झालेलं नाही. त्या जागेवर नाहीत हे संध्याकाळपर्यंत लक्षातच आलं नाही, एवढंच. खिशात हात जातो, बोटांना काहीच लागत नाही, तो क्षण म्हणजे 'मिस'. वस्तूऐवजी माणूस ठेवा, की झालं 'आय मिस यू'!

म्हणून 'आय मिस्ड यू अ‍ॅट द मीटिंग' जपून वाचावं. आपली चुकामूक झाली की तुझी उणीव जाणवली, हे संदर्भावरूनच कळतं. 'यू कान्ट मिस इट' म्हणजे मात्र सरळ, 'लगेच दिसेल'.

आणखी एक. इंग्रजीत 'मी' कर्ता असतो. मराठीत 'मला तुझी आठवण येते', म्हणजे येते ती आठवण. आपण काही करत नाही. त्यामुळे 'मी तुला मिस करतो' मला अजूनही खटकतं. 'तुझ्यावाचून करमत नाही' इतकं नेमकं आपल्याकडे असताना ते का वापरू नये?