रात्रभराची फेरीबोट आणि आठ महिन्यांचं बाळ: कुणी केलंय का?

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं रात्रीच्या फेरीबोटीने जाणार आहोत. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं, गाडी सोबत. तिघांतला तिसरा आठ महिन्यांचा आहे, नुकताच रांगायला लागलाय, आणि जमिनीवर दिसेल ते तोंडात घालणं हा सध्या त्याचा पूर्णवेळ व्यवसाय आहे.

नवऱ्याचं म्हणणं, केबिनचे पैसे कशाला घालवायचे, मागे टेकून बसायच्या खुर्च्या मिळतात, त्यात रात्र निघून जाईल. मला पटत नाहीये. पण आमच्या घरात नुसतं 'पटत नाही' चालत नाही, मुद्दे लागतात. तेवढे पुरवा.

शिवाय केबिन घेतलीच तर त्याला झोपवायचं कुठे? घडीची कॉट आत मावते का? अंगावरचं दूध चालू आहे, पण रात्री एक बाटली पावडरच्या दुधाची लागते, त्याचं गरम पाणी कुठून आणायचं? आणि त्याला बोट लागली तर? मला बसमध्येसुद्धा उलट्या होतात, म्हणून विचारतेय.

उंटावरचा शहाणा

लोक उगाच बाऊ करतात. एवढंसं पोर दूध प्यायलं की झोपणार. खुर्ची घ्या, पैसे वाचवा.

पूर्वाश्रमीचा खलाशी

उंटावरच्या शहाण्यांनी रात्री तीनच्या सुमाराला खुर्च्यांच्या हॉलमध्ये चक्कर मारलेली दिसत नाही. मी बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर केबिन स्टुअर्ड होतो, मी मारलीय. दिवे मंद करतात, पूर्ण बंद करत नाहीत. एसी अंगावर येतो. कोणीतरी घोरत असतं, कोणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी वाजत असतं. आणि एक आई किंवा बाप रडणारं मूल खांद्यावर घेऊन बंद झालेल्या कँटीनसमोर येरझाऱ्या घालत असतो. खुर्चीचे हात वर होत नाहीत, त्यामुळे मोठ्यांनाही आडवं होता येत नाही, आणि बाळाला रात्रभर मांडीवर धरून बसायचं म्हणजे दोघांपैकी एकाने जागं राहायचं. सकाळी उतरल्यावर गाडी चालवायचीय ना? नवऱ्याला हा एकच मुद्दा सांगा, पुरेल.

लोक समुद्राला घाबरतात. खरं म्हणजे समुद्र फार कमी वेळा त्रास देतो. त्रास होतो तो केबिन कुठली मिळाली आणि रात्रीचं सामान कुठल्या डेकवर राहिलं याचा.

केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमधची मागा. जहाज पुढे-मागे डुलतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात, मध्यभाग कमीत कमी. मोठ्या फेरीबोटींना बाजूने पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते डावीकडून उजवीकडे होणारं डोलणं आवरतात, पुढे-मागे होणारी झोकांडी नाही. अगदी मागची केबिन टाळा, तिथे इंजिन आणि जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची थरथर पलंगातून हाडांत उतरते. काही बाळं त्याच थरथरीने गाढ झोपतात, तो नशिबाचा भाग.

बिनखिडकीची केबिन स्वस्त असते आणि बाळासाठी चांगलीच. दिवा घालवला की मिट्ट काळोख, मे महिन्यातली पहाटही आत येत नाही. फक्त एक लहानसा दिवा जवळ ठेवा, नाहीतर रात्री डायपर बदलताना बाळ शोधावं लागेल.

आता सामान. जहाज निघाल्यावर गाड्यांचा डेक बंद करतात आणि प्रवाशांना बहुधा सकाळपर्यंत खाली जाऊ देत नाहीत. रिसेप्शनवर येऊन "अहो, फक्त डायपरचं पाकीट आणतो" म्हणणारे बाप मी कितीतरी पाहिलेत. नियम म्हणजे नियम, कोणी सोडत नाही. म्हणून रात्रीची एक वेगळी पिशवी. आणि ती डिकीत तळाशी नको, हाताशी हवी. काही बंदरांत गाडी चढवताना ड्रायव्हर एकटाच आत बसतो, बाकीचे पायी चढतात. तसं असेल तर पिशवी पायी चढणाऱ्याकडे. बाळ एकीकडे आणि डायपर दुसरीकडे अशी फाळणी होऊ देऊ नका.

लाइफ जॅकेट. सगळ्यांना वाटतं केबिनमध्ये बाळाचंही असेल. बहुतेकदा नसतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चोवीस तासांहून कमी प्रवासात एकूण प्रवाशांच्या किमान 2.5 टक्के इतकी तान्ह्यांची जॅकेटं जहाजावर असावी लागतात, प्रवास त्याहून मोठा असेल तर प्रत्येक तान्ह्यामागे एक. तान्ह्यांचं जॅकेट म्हणजे 15 किलोच्या आतल्या मुलांचं. ती जॅकेटं बहुतेक संकटाच्या वेळी जमायच्या ठिकाणी ठेवलेली असतात. चढल्या चढल्या स्टाफला विचारा, "आमच्या बाळाचं जॅकेट कुठे मिळेल?" आम्हाला हा प्रश्न विचारणारे प्रवासी आवडायचे. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला तर सामानाला हात न लावता जमायच्या ठिकाणी जायचं, एवढं लक्षात ठेवा.

रेवाची आई

खलाशीबुवांचं सगळं मान्य, पण केबिनच्या आतलं मी सांगते, कारण तुम्ही चादरी बदलायला येत होता, आम्ही तिथे रात्र काढतो.

कापूसकोंडी, बुकिंग करताना दोन गोष्टी विचार. बाळाची कॉट जहाजावर मिळते का? मिळत असेल तर तेव्हाच नोंदव, त्या मोजक्या असतात. आणि मिळत नसेल तर केबिनमध्ये मोकळी जमीन किती? दोन बंक (भिंतीला लावलेले अरुंद पलंग) आणि बाथरूमचं दार सोडलं तर उरते ती एक पट्टी. आमची घडीची कॉट उघडली तेव्हा बाथरूमचं दार उघडेना. मग काय, कॉट उचलायची, आत जायचं, बाहेर यायचं, कॉट परत ठेवायची. चार बंकांची केबिन दोघांसाठी घेतली तर वरचे दोन भिंतीत दुमडून ठेवता येतात आणि अंगण मिळाल्यासारखं वाटतं.

बंकवर शेजारी घेऊन झोपायचा विचार करत असशील तर करू नको. बंक अरुंद, गादी आणि भिंत यांच्यात फट असते, दुसऱ्या बाजूला पडायची भीती. कारसीटमध्ये रात्रभर झोपवणंही नको, मान पुढे पडून श्वास अडू शकतो. सपाट, घट्ट गादी, भोवती काही नाही, पाठीवर. घरात जो नियम तोच तिथे.

जमिनीवर अंथरायला एक जाड, धुता येणारी चादर ने. तुझा रांगणारा उद्योगपती त्या गालिचावरून जिभेने हिंडेल नाहीतर. आणि दारं! जहाजावरची दारं जड असतात, आपोआप मिटतात, आणि बाथरूमला चांगला बोटभर उंच उंबरा असतो. मिटणाऱ्या दारात बाळाची बोटं सापडायला क्षणही लागत नाही. दार उघडताना बाळ दुसऱ्याच्या कडेवर, हा आमचा कडक नियम होता.

प्रॅम गाडीतच ठेव. जिने अरुंद, लिफ्टला रांग. झोळीत बांधलं की दोन्ही हात कठड्याला मोकळे. उघड्या डेकवर जाशील तेव्हाही झोळीच. फोटोसाठी त्याला कठड्यावर बसवणारे महाभाग असतात, त्यांच्याकडे बघूनच माझ्या पोटात गोळा येतो.

कापूसकोंडी

कसले भारी मुद्दे! केबिन मंजूर झाली. "सकाळी गाडी कोण चालवणार" याला उत्तर नव्हतं. आता दुधाचं आणि बोट लागण्याचं राहिलं. उलटीचं एखादं औषध थेंबाथेंबाने देऊन ठेवू का, आधीच?

औषधवाली

नको! कृपा करून नको. मी फार्मसिस्ट आहे. प्रवासातल्या उलटीवर मिळणारी बरीच औषधं झोप आणणाऱ्या अँटिहिस्टामिन (ॲलर्जीवरच्या) गटातली असतात. त्यातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका असतो. 'थोडंसंच देते' हेही नको.

दिलाशाची गोष्ट अशी की दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते. हा त्रास साधारण दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त असतो. बाळाने उलटी केली तर आधी नेहमीची कारणं बघा: दूध जास्त झालं, ढेकर राहिली, ताप आहे का. उलट्या थांबतच नसतील, दूध पीत नसेल, डायपर कोरडा राहत असेल तर स्टाफला लगेच कळवा.

काळजी तुमचीच आहे. बसमध्ये उलट्या होणारी आई आणि अंगावर पिणारं बाळ. तुम्हाला गोळी हवी असेल तर आधी डॉक्टरांना 'अंगावर पाजते' हे सांगून विचारा. झोप आणणाऱ्या गोळ्यांनी बाळही सुस्तावू शकतं, दूधही कमी होऊ शकतं. तुम्ही आडव्या पडून डोळे मिटलेत तरी बराच फरक पडतो, आणि त्या वेळी बाळ बाबाकडे. नवऱ्याला हेही आधीच सांगून ठेवा.

दूध: पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी 70 अंश सेल्सिअसहून गरम असतानाच त्यात मिसळायची. संध्याकाळी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरा, पावडर मोजून कोरड्या डबीत ठेवा, दूध पाजायच्या वेळीच करा आणि नळाखाली बाटली धरून निववा. करून ठेवलेलं दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर ओतून द्या. पावडरऐवजी बाळाचं तयार पातळ दूध (फॉर्म्युला) मिळत असेल तर एका रात्रीसाठी तोच सोपा.

पूर्वाश्रमीचा खलाशी

थर्मास न्याच. केबिनमध्ये स्वतःची किटली लावायला बऱ्याच जहाजांवर बंदी असते, आगीच्या भीतीने. कँटीनवाले उकळतं पाणी हसत देतात, पण कँटीन रात्री बंद होतं आणि बाळाला नेमकी त्यानंतर भूक लागते.

बाळाचं तिकीट फुकट असलं तरी नाव यादीत घालावंच लागतं, आणि ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागत असेल तर तो बाळाचाही स्वतंत्र. खिडकीवर हे कळलं तर रांग तुमच्यावर खवळते.

सकाळचं एक. पोचायच्या बऱ्याच आधी केबिनमधल्या स्पीकरवरून घोषणा सुरू होतात आणि त्याचा आवाज तुम्हाला कमी करता येत नाही. बाळ दचकून उठणारच, म्हणून त्याआधी अर्धा तास उठून पाजून घ्या. गाड्यांच्या डेकवर बोलावलं तरी पहिल्या गर्दीत धावू नका. खाली कोंदट असतं, कोणीतरी सूचनेआधीच इंजिन सुरू करतो आणि धूर कोंडतो. जिन्यावरची गर्दी ओसरली की जा. आणि चढतानाच डेकचा नंबर आणि जिन्याच्या दाराचा रंग यांचा फोटो काढून ठेवा, सकाळी कडेवर बाळ असताना सगळे डेक एकसारखे दिसतात.

उंटावरचा शहाणा

बरं बाबा, केबिन घ्या. आमच्या वेळी पोरगं झोपलं होतं, बायको मात्र अजून बोलून दाखवते.