२८ व्या आठवड्यात झालेला मुलगा: यंदा पहिलीत घालावा की वर्षभर थांबावं?

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. मुलगा ऑक्टोबर २०२० चा, २८ व्या आठवड्यातला. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती जानेवारी २०२१ ची. वजन जेमतेम किलोभर. मिरजेला बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. आता खुटखुटीत आहे, बडबड्या आहे, सगळ्या आरत्या तोंडपाठ.

घोळ तारखेचा आहे. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखल्याप्रमाणे तो यंदाच्या जूनमध्ये बसतो. वेळेवर झाला असता तर पुढच्या वर्षीच्या मुलांत असता. दोन वर्षांचा होईपर्यंत डॉक्टर बारा आठवडे वजा करून करेक्टेड एज धरायचे, मग ते बंद झालं. पण शाळेच्या हिशेबात या बारा आठवड्यांनी अख्खं वर्ष खाल्लं, त्याचं काय?

फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला फार वेळ लागतो. चौकटीच्या वहीत आकडा चौकटीत राहत नाही, ४ ची गाठ सुटीच. "चपला कोपऱ्यात ठेव, डबा मोरीत टाक आणि पाणी पी" म्हटलं की पाणी पिऊन येतो, चपला दारातच. नऊ चिंचोके नीट मोजतो, त्यात दोन टाकले की पुन्हा एकपासून सुरू. शर्टाची बटणं अजून मीच लावते. दंगा अजिबात नाही, म्हणून बालवाडीच्या बाई त्याला गुणी म्हणतात. मला तेच खटकतं. खिडकीबाहेर बघत बसलेल्या पोराचा कुणाला त्रास नसतो.

सासूबाई म्हणतात, सातमाशी पोरं हुशारच निघतात. नवरा म्हणतो, शाळेत बोलूच नको, शिक्का बसेल. एका शाळेत विषय काढून पाहिला, तर "दाखल्यावर आहे ते आहे" एवढंच ऐकायला मिळालं.

यंदा घालू की मोठ्या गटातच ठेवू? शाळेला सांगू का? आणि तपासण्या नेमक्या कोणत्या करू? "होईल सगळं ठीक" एवढंच नका लिहू, ते घरात भरपूर मिळतं.

झेडपी शिक्षिका, वाळवा:
३१ डिसेंबरची अट किमान वयाची आहे. सहा पूर्ण होतात म्हणून त्याच वर्षी घातलं पाहिजे असं नाही. पुढच्या जूनमध्ये घातलंत तरी तो पावणेसातचाही नसेल. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करणार असाल तर मात्र कमाल वय आधी बघा. चिंचोक्यांचं मनावर घेऊ नका, या वयात पुष्कळ मुलं पुन्हा एकपासूनच मोजतात. फळा आणि सूचना, हे दोन डॉक्टरांच्या कानावर घाला.

कराडकर आई:
माझी मुलगी २९ आठवड्यांची, आता पाचवीत. आम्ही वर्ष थांबवलं. पहिली-दुसरी सुखात गेली. तिसरीत हातच्याची वजाबाकी आली आणि गाडी अडलीच. फार लवकर जन्मलेल्या मुलांत गणित, लक्ष आणि कामाचा वेग यांची अडचण जास्त दिसते, आणि ती नुसतं वय वाढून जात नाही. त्यामुळे थांबायचं तर थांबा, पण त्या वर्षात काय करणार ते आधी ठरवा.

पहिल्यांदा डोळे आणि कान. लहानपणी आरओपीची (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार) तपासणी झाली असली तरी पुढे चष्मा किंवा तिरळेपणा निघू शकतो. डोळ्यांत थेंब घालूनच तपासून घ्या. मग बालविकास तज्ज्ञांकडे चाचणी. नुसता बुद्ध्यांक घेऊन परत येऊ नका. लक्षात ठेवणं, हात-डोळ्यांचा मेळ आणि वेग यांचे निकाल वेगळे मागा. बटणं आणि अक्षरासाठी ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजची हाताची कामं जमावीत म्हणून करून घेतलेला सराव) उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे, पण त्यांचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येतं. खासगी बालवाडी असेल तर सिव्हिलला जाऊन आपणच विचारायचं. लर्निंग डिसॅबिलिटीचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षी, तिसरीच्या सुमारास. आत्ता त्याच्यामागे धावू नका.

शाळेला जरूर सांगा. आधी वर्गाच्या बाईंशी बोला, ऑफिसात नंतर. "नाजूक आहे" म्हणाल तर त्याला खेळाच्या तासाला बसवून ठेवतील (आमचा अनुभव). काय हवं तेवढंच बोला: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं निम्मं उतरवलं तरी चालेल.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. चाचणी करून घेते, मग जूनचं ठरवू. नवऱ्यालाही हे वाचायला दिलंय. ताई, एकच राहिलं: अहवाल बाईंना पूर्ण द्यायचा का?

कराडकर आई:
पूर्ण नको. शिफारशींच्या पानाची झेरॉक्स द्या, आकडे घरी ठेवा.