पार्वतीची खोली भारतात नाही का?

गिरणगावकरीण

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि हा धागा काढल्यावाचून राहवलं नाही. जुनं प्रकरण आहे, पण ऑस्करचा मोसम आला की मला ते नव्याने टोचतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मे 2024 मध्ये पायल कपाडियांच्या या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालं, म्हणजे पाम दोर या तिथल्या सर्वोच्च पुरस्काराच्या खालोखालचा मान. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचायला 30 वर्षं लागली होती, त्याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वहम्’. सप्टेंबरमध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या 13 जणांच्या समितीने 29 चित्रपटांतून ऑस्करसाठी किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ निवडला. त्या 13 जणांत एकही बाई नव्हती.

‘लापता लेडीज’ मला आवडतो. त्याची निवड झाली म्हणून माझी तक्रार नाही, मला लागलं ते कारण. फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं की कपाडियांचा चित्रपट समितीला भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला.

छाया कदमांची पार्वती इस्पितळात स्वयंपाकाचं काम करते. नवरा गिरणीत होता, तो आता नाही. चाळ बिल्डर पाडणार, आणि इतकी वर्षं आपण इथे राहिलो हे दाखवायला तिच्याकडे एक कागद नाही. यात युरोप कुठे आला?

माझी आजी लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत राहायची. आजोबा 1982च्या संपात घरी बसले ते कायमचेच. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं जुन्या पातळाच्या फडक्यात गाठ मारून ठेवलेली. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास यायचा. पुनर्विकासाची नोटीस आली तेव्हा आजीने ते गाठोडं सोडलं, आणि सगळ्या पावत्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावावर निघाल्या. ते भाऊ वारून 20 वर्षं झाली होती. आई आणि मामा चार वर्षं खेटे घालत होते.

म्हणून पार्वती कागद शोधते ते दृश्य मला धड बघवत नाही. हा चित्रपट भारतीय नाही असं कोणी म्हटलं की आमच्या घरालाच कोणी तसं म्हटल्यासारखं वाटतं.

जालन्याची सुमन

ताई, ट्रंकेचं वाचून गलबलून आलं. तरीही असहमत.

समितीचं ते वाक्य चुकलंच, त्यात वाद नाही. पण निवड चुकली नव्हती. ‘लापता लेडीज’ मी घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा आमच्या बचत गटातल्या सात-आठ जणी होत्या. हरवलेल्या नव्या नवरीने, फूलने, केलेला कलाकंद विकला जातो आणि टपरीवाली मंजू माई तिच्या हातावर कमाईचे पैसे ठेवते, तिथे सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, “माझी पहिली कमाई कापूस वेचणीची. सासूने दारातच काढून घेतली.” त्यानंतर जी ती बोलायला लागली. चित्रपट अर्ध्यावर थांबवावा लागला, चहा झाला, मग पुढचा पाहिला.

तुमचा चित्रपटही मी पाहिला. एकटीने पाहिला, कारण त्या सगळ्यांना घेऊन बसले असते तर अर्ध्या तासात उठून गेल्या असत्या. पाऊस, लोकल, पुन्हा पाऊस. छान दिसतं सगळं, पण आमच्याशी कोण बोलतंय? देशाच्या वतीने एकच चित्रपट जाणार असेल तर देशातल्या बायकांना आपला वाटलेला का जाऊ नये?

एडिसनकर

सुमनताई, आपला वाटणं वेगळं आणि निवडून येणं वेगळं. त्या वर्षी ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या विभागात 85 देशांचे चित्रपट होते. त्यातून पहिली यादी 15 जणांची, मग पाच. मतदार ते सगळे पाहत नाहीत, ज्याचं नाव आधीपासून कानावर आहे तो आधी लावतात.

पायल कपाडियांचा चित्रपट इथे अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये लागला. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस, दोन्हीकडच्या समीक्षकांच्या मंडळांनी त्याला परदेशी चित्रपटाचा पुरस्कार दिला. गोल्डन ग्लोबची दोन नामांकनं मिळाली, त्यातलं एक दिग्दर्शनाचं. वारा पाठीशी होता आणि आपण शीड खाली घेतलं. ‘लापता लेडीज’ ‘लॉस्ट लेडीज’ या नव्या नावाने आला, शेवटचे काही महिने धावाधाव झाली, आणि डिसेंबरच्या 15 जणांत नव्हता. त्याच यादीत संध्या सुरींचा ‘संतोष’ होता. हिंदी चित्रपट, उत्तर भारतातली पोलीस बाई, आणि पाठवला ब्रिटनने!

फ्रान्सची बाजूही सांगायला हवी. कपाडियांच्या चित्रपटात फ्रेंच पैसा होता, त्यांच्या निवडीच्या शेवटच्या टप्प्यात तो होताही. पण त्यांनी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला, आणि ऑस्कर मिळालं ब्राझीलच्या ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ला. म्हणजे त्यांचाही अंदाज चुकला.

जालन्याची सुमन

मग सरळ म्हणा ना, तिथल्या लोकांना काय आवडेल ते पाठवायचं. त्यांच्या समीक्षकांनी पाठ थोपटली की तो आमचा सर्वोत्तम, हे मला पटत नाही.

पिटातला प्रेक्षक

दोघांचंही पटतं, पण भांडण चुकीच्या जागी चाललंय असं मला वाटतं.

2004 आठवा. ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’नंतर 50 वर्षांनी मराठीला. मग तो ऑस्करला गेला आणि कळलं की नुसतं जाऊन भागत नाही, तिथे खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, माणसं नेमायची. पैसा कुठे होता? महाराष्ट्राने वर्गणी काढली. शाळेतली मुलं, नाटकवाले, सरकार, सगळ्यांनी हातभार लावला. मीही पाकिटात 100 रुपये घालून दिले होते. लग्नाच्या आहेरासारखे दिले, आनंदाने. नामांकन मिळालं नाही, पण त्या वर्षी माझ्या ऑफिसातला शिपाईही ‘श्वास’बद्दल बोलत होता.

‘कोर्ट’चं उलट. व्हेनिसला दोन मोठे पुरस्कार, इथे सुवर्णकमळ, 2015 मध्ये ऑस्करची प्रवेशिका. निवड एकदम चोख. पण आमच्या गावात तो लागलाच नाही, मी पुण्याला मुलीकडे जाऊन पाहिला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हाही माझी धडपड तीच. पडदाच मिळत नसेल तर निवड समितीत कोण बसलं यावर मी का रक्त आटवू?

रत्नांग्रीचो

मी गिरणगावकरीणबाईंच्या विरोधात, पण वेगळ्या कारणाने. पार्वती गावी परतते तो चित्रपटाचा उत्तरार्ध आमच्याकडचा आहे. समुद्र आमचा, जांभा दगड आमचा. पण इतक्या वर्षांनी बाई मुंबई सोडून गावी आली तर वाडीतलं कोणी ‘कधी आलंस गो?’ विचारायला येत नाही? संध्याकाळपर्यंत अंगण भरतं. कोणी तांदूळ आणतं, कोणी नारळ, आणि जमिनीच्या हिश्श्याचा विषयही त्याच रात्री निघतो. बुडालेल्या माणसाला वाचवून इस्पितळातली नर्स प्रभा त्याच्यातच नवरा बघते, तो प्रसंग मला फार आवडला. पण गाव मला रिकामं वाटलं. युरोपीय म्हणणार नाही, पाहुण्याच्या नजरेचं म्हणेन.

गिरणगावकरीण

रत्नांग्रीचो, हे मान्य. आजीसोबत मी मे महिन्यात गावी जायचे तेव्हा पहिले दोन दिवस ओटीवर बसायला जागा नसायची. तुम्ही म्हणताय ती उणीव खरी आहे, आणि समितीने असं काही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांच्या अध्यक्षांनी मुलाखतीत चित्रपट तांत्रिकदृष्ट्या कच्चा असल्याचं सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या! दादरच्या गर्दीतला तो निळसर ओला उजेड, लोकलच्या दारातले आवाज, जर्मनीहून आलेल्या राइस कुकरला रात्री कवटाळून बसलेली प्रभा… नवरा तिकडे, फोन नाही, आणि घरात हे एक लालभडक भांडं. माझी शेजारीण दुबईहून आलेल्या मिक्सरवरचं प्लास्टिक तीन वर्षं काढत नव्हती. तो प्रसंग पाहताना मला तीच आठवली.

सुमनताई, तिकडच्यांनी पाठ थोपटली म्हणून मी भांडत नाही. कान झालं नसतं तरी भांडले असते. पण पुढच्याच वर्षी वेगळी समिती बसली, एन. चंद्रा अध्यक्ष, आणि त्यांनी नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ पाठवला. तोही कानला जाऊन आलेला, तोही घरी परत जायला निघालेल्या माणसांचा. तो पहिल्या 15 जणांत पोचला.

पिटातला प्रेक्षक

‘होमबाउंड’च्या मागे धर्मा प्रॉडक्शन्स होतं आणि मार्टिन स्कोर्सेसींचं नाव होतं. ते वजाबाकीत धरा.

एडिसनकर

धरतो. पण ‘लापता लेडीज’च्या मागेही आमिर खान होते की. नुसत्या नावाने झालं असतं तर तोही यादीत दिसला असता.

जालन्याची सुमन

मघापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. मंजू माई आणि पार्वती, दोन्ही छाया कदमच. एका चित्रपटात स्टेशनवर चहाची टपरी, दुसऱ्यात इस्पितळाचं स्वयंपाकघर. कानला त्या आपल्या गेलेल्या आईची साडी नेसून आणि तिची नथ घालून गेल्या होत्या, आईला विमानातून फिरवायचं राहून गेलं म्हणून. तो फोटो आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर फिरत होता. चित्रपट कुणीच पाहिला नव्हता तेव्हा.

निवडीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण येत्या रविवारी तो सगळ्यांना लावून दाखवते. पार्वतीपासून सुरू करीन, पावसापासून नाही.

आणि ताई, त्या खोलीचं शेवटी काय झालं?

गिरणगावकरीण

नाही मिळाली. आजी विरारला मामाकडे राहायला गेली. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, ट्रंक मांडीवर घेऊन.