कॉन्शिएन्शसनेसला मराठीत काय म्हणायचं?

फोंडा: मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत एचआरला आहे, यंदा अप्रेझलचा फॉर्म मराठीत करायचाय. कॉन्शिएन्शसनेसच्या जागी कुणीतरी "सदसद्विवेकबुद्धी" घालून ठेवलंय, ते मला खटकतंय. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला?

डिचोली: ताई, खटकायलाच हवं. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे कॉन्शन्स, बरं काय वाईट काय ते आतून सांगणारी. कॉन्शन्स आणि कॉन्शिएन्शसनेस हे दोन्ही इंग्रजी शब्द एकाच लॅटिन मुळातले म्हणून घोटाळा होतो. तुमच्या फॉर्ममधला कॉन्शिएन्शसनेस हा बिग फाइव्हमधला, म्हणजे मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे गुण धरतात त्यातला एक. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे सहा पोटभाग पाडलेत, सक्षमता, टापटीप, कर्तव्याची जाण, यशाची ओढ, स्वयंशिस्त आणि विचार करून पाऊल टाकणं. यातली कर्तव्याची जाण तेवढी कॉन्शन्सच्या जवळ जाते, बाकी सगळं कामाच्या वळणाचं. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितले तर पाचातला हाच गुण सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी जुळलेला दिसला, एचआरवाले याच्या मागे असतात ते त्यामुळेच.

आता तुमच्याच क्यूसी लॅबचं, म्हणजे औषधाचा दर्जा तपासतात त्या लॅबचं घ्या. सकाळी आल्या आल्या वजनकाटा चेक करणारा, रीडिंग तिथल्या तिथे लिहिणारा, आकडा चुकला तर खोडरबर व्हाइटनर काही नाही, एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख घालणारा, तो कॉन्शिएन्शस. पण बॅच फेल गेली आणि वरून निरोप आला की पास येईपर्यंत टेस्ट करत राहा, तर हाच माणूस तेही तितक्याच टापटिपीने करून सुवाच्य अक्षरात लिहून देऊ शकतो ना! तिथे नाही म्हणायला लागतं ते कॉन्शन्स, आणि ते कधीकधी पलीकडच्या टेबलावरच्या पसारेवाल्याकडे असतं, जो रोज उशिरा येतो पण त्या कागदावर काही केल्या सही करत नाही. म्हणून या गुणाला सदसद्विवेकाचा मान देऊ नका असं मला फार वाटतं.

मडगाव: कर्तव्यदक्षता चालेल का? आणि कॉन्शन्सला आमचे कॅथलिक शेजारी कोंकणीत अंतस्कर्ण म्हणतात, मग मराठीत अंतःकरण का नको?

डिचोली: मराठीत अंतःकरण मायेकडे झुकतं हो, "मोठ्या अंतःकरणाचा" म्हटलं की दिलदार माणूसच डोळ्यासमोर येतो. कर्तव्यदक्षता चूक नाही, पण ती निरोप समारंभात शालीबरोबर येते. काटेकोर म्हटलं तर किरकिऱ्या वाटतो. लोक बोलतात ते "त्याचं काम चोख", तर फॉर्मवर "कामातला चोखपणा" घाला, हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना कळेल. आणि सदसद्विवेकाला मार्कांचा रकाना ठेवूच नका ताई, त्याऐवजी सरळ विचारा की यंदा मन खात होतं म्हणून कुठलं काम करायला नकार दिलात का, आणि त्यावर तुमच्या वरच्यांनी काय केलं.