कीस्टोन प्रजाती म्हणजे संख्येने सगळ्यात जास्त असलेली का?

गोंधळलेला_जीव: इकॉलॉजी वाचतोय आणि इथेच अडकलोय. कीस्टोन प्रजातीवर अख्खी परिसंस्था टिकून असते म्हणे, मग जंगलात सगळ्यात जास्त असलेली झाडंच कीस्टोन ना? मित्र म्हणतो छे, वरचा शिकारी तोच कीस्टोन. आणि नीश म्हणजे अधिवासच ना, मग वेगळा शब्द कशाला?

शिंपला: तुझी झाडं डॉमिनंट, कारण ती आहेतच ढिगाने. कीस्टोन म्हणजे असतात थोडे पण गेले की सगळं बदलतं. रॉबर्ट पेन नावाच्या माणसाने १९६३ पासून अमेरिकेत वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एका खडकाळ पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली, वर्षानुवर्षं हेच (धन्य आहे बाबा), शेजारचा पट्टा मात्र तसाच ठेवला. तारामासे शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) खातात, ते खाणारं कोणी उरलं नाही म्हटल्यावर शिनाण्यांनी खडक बळकावला आणि १५ प्रजातींच्या ८ झाल्या. कीस्टोन हा शब्द त्यानेच १९६९ ला काढला.

ओढ्याकाठी: पण म्हणून मित्र बरोबर असं नाही हां. बीव्हर (पाण्याकाठी राहणारा उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) कुणाची शिकार करतो? झाडाची साल नि पाला खातो, पण बांध घालून ओढ्याचं तळं करतो आणि मग बेडूक, मासे, बदकं सगळ्यांचीच सोय होते. असल्यांना इकोसिस्टिम इंजिनिअर म्हणतात.

नीशचं म्हणशील तर नीश म्हणजे त्या अधिवासात ती प्रजाती नेमकी कुठे नि कशी जगते ते. मॅकआर्थर या इकॉलॉजिस्टचे वॉर्बलर (छोटे पक्षी) बघ, १९५८ चा पेपर आहे. एकाच स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात पाच जातींचे वॉर्बलर, सगळे किडेच खाणारे, पण कोणी शेंड्याला, कोणी मधे, कोणी खाली बुंध्याजवळच्या फांद्यांत. अधिवास एकच, नीश पाच.

गोंधळलेला_जीव: अरे भारी! मग कीस्टोन प्रजातींची एखादी यादी मिळेल का, पाठच करून टाकतो

शिंपला: यादीनेच घात होतो रे 😄 तोच तारामासा जिथे लाटा आपटतात तिथे कीस्टोन, आणि आडोशाच्या जागी त्याचा प्रभाव अगदीच किरकोळ, मेंज नावाच्या इकॉलॉजिस्टने अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हे दाखवलंय १९९४ मधे. त्यामुळे नुसतं 'तारामासा कीस्टोन आहे' असं लिहू नकोस, कुठला किनारा ते पण लिही.