बर्फ पडला, बर्फ साचला, बर्फ धरला: तिन्हींना एकच शब्द पुरतो का?

नाताळच्या सुट्टीत बाबा माझ्याकडे आले होते. बर्फ ते पहिल्यांदाच बघत होते. दोन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ पायवाटेच्या दोन्ही कडांना मऊ साचला होता. मधली वाट झाडून मोकळी केलेली होती, पण दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळून पाणी वाटेवर आलं आणि रात्री तिथेच गोठलं. सकाळी निघताना मी म्हटलं, "बाबा, बर्फावर पाय देऊ नका." त्यांनी निमूटपणे कडेचं पांढरं टाळलं आणि मधून, त्या ओलसर दिसणाऱ्या वाटेवरून चालायला लागले. चौथ्या पावलाला पडले. कोपराला मुका मार बसला, त्यावरच निभावलं. घरी आल्यावर म्हणाले, "तूच सांगितलंस ना बर्फावर पाय देऊ नका, म्हणून तर मी मधून चाललो."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, "बर्फावरून चाला, बर्फावरून चालू नका." या वाक्यातले दोन बर्फ वेगळे आहेत, पण शब्द एकच. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आभाळातून पडतो तो, जमिनीवर साचतो तो आणि पाणी गोठून कडक होतो तो, असे तीन प्रकार मराठीत कसे सांगायचे? पारिभाषिक शब्द नकोत. दारात उभं राहून घाईत हाक मारताना तोंडात येईल असं काही हवंय.

प्रतिसाद

शब्द आहे की! हिम. पडणारं ते हिम आणि गोठलेलं पाणी म्हणजे बर्फ, असा फरक शाळेच्या भूगोलात केलेलाच आहे. हिमनदी, हिमनग, हिमरेषा, हिमस्खलन, हिमदंश, हिमबिबट्या. लहान मुलांच्या गोष्टीतली राजकन्यासुद्धा हिमगौरीच आहे, तिला कुणी बर्फगौरी म्हटलं नाही.

आणि हिम आपल्या बोलण्यातून गेलेलं नाही, फक्त ओळखू येत नाही. हिमाचं हिंव झालं, ते अंगात भरतं. हिवाळा म्हणजे हिमाचा काळ, जसा उष्णाचा उन्हाळा. हिवताप त्यातलाच. ऋग्वेदात 'शतं हिमाः' म्हणजे शंभर हिवाळे, अर्थात शंभर वर्षं. लॅटिनमधला हिवाळ्याचा शब्द हिएम्स आणि रशियनमधला झिमा ही याच हिमाची भावंडं. एवढं जुनं घराणं असताना आपण 'स्नो पडतोय' म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मूळ लेखिका

व्युत्पत्ती वाचून आनंद झाला. हिंव भरण्यातलं हिम माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पण एक अडचण आहे. तुमच्या यादीतला प्रत्येक शब्द सामासिक आहे. एकटं हिम बोलताना येत नाही. 'आई, बाहेर हिम पडतंय' असं मी फोनवर म्हटलं, तर ती आधी माझी तब्येत विचारेल. समासात ते खणखणीत आहे, सुटं केलं की पुस्तकी होतं.

बर्फ हा शब्द मुळात फारसी, आणि गंमत म्हणजे फारसीत बर्फ म्हणजे आभाळातून पडणाराच. गोठलेल्या पाण्याला तिथे यख म्हणतात. आपण बर्फ घेतला, यख घेतला नाही, आणि दोघांचं काम एकट्या बर्फावर टाकलं. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बर्फ म्हटलं की लादीच येते, खडेच येतात.

प्रतिसाद

लादीवरून आठवलं. पहिल्या वर्षी सुट्टीत मी आजीला फोनवर सांगितलं, "आजी, सकाळपासून बर्फ पडतोय." तिने घाबरून विचारलं, "डोक्याला लागलं नाही ना रे?" तिच्या मनात गारा होत्या. पडणारा बर्फ म्हणजे गार, हे तिच्या अनुभवाला धरूनच होतं. गारगोटीतली गारही दगडच.

मग मी तिला म्हटलं, "पिंजलेला कापूस वरून कुणी सोडत असावं, तसं." ते तिला लगेच कळलं. खरं तर दोन्हींची घडणच वेगळी. गार वादळी ढगात वर-खाली होत, थरावर थर चढून घट्ट होते. बर्फाचा कण वाफेतून थेट स्फटिक होत वाढतो, मध्ये पाणी व्हावंच लागत नाही. त्यामुळे तो सहा बाजूंचा, पोकळ, हलका. ताजा बर्फ साधारण दहा सेंटीमीटर साचला तर त्याचं पाणी एखादा सेंटीमीटर भरतं, बाकी सगळी हवा. ती हवाच आवाज गिळते. बर्फ पडून गेल्यावरच्या सकाळी बाहेर जी शांतता असते, ती मी आजीला कधीच नीट सांगू शकलो नाही. आता ती नाही.

प्रतिसाद

नामाच्या मागे लागू नका, क्रियापदाकडे बघा असं सुचवेन. पावसालाही आपल्याकडे मुख्य नाम एकच आहे, पण तो भुरभुरतो, रिमझिमतो, झोडपतो, कोसळतो, उघडतो. सर येते, झड लागते, संततधार धरते. ही सगळी सामग्री बर्फाला बसते.

बारीक, कोरडा, जमिनीवर टिकेल न टिकेल असा पडत असेल तर भुरभुर. हा शब्द पावसापेक्षा बर्फालाच जास्त शोभतो, कारण भुरभुरायची ती मुळात भुकटी. दिवसभर थांबलाच नाही तर झड. वारा साचलेला बर्फ उचलून आडवा फेकत असेल तर बर्फाचे लोट, जसे धुळीचे असतात. आणि रस्त्यावर गाड्यांनी मळून केलेलं करडं, अर्धवट वितळलेलं जे असतं, त्याला लगदा. चिखल म्हटलं की माती आठवते. लगदा म्हटलं की भिजलेला कागद आठवतो, आणि ते तसंच दिसतं.

प्रतिसाद

क्रियापदाचा मुद्दा पटला. त्याला एक जोड. एस्किमोंकडे बर्फाला शेकडो शब्द, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं मूळ मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या 1911 च्या लिखाणात शोधतात. तिथे शेकडो नाहीत, चार आहेत: जमिनीवरचा बर्फ, पडणारा बर्फ, वाऱ्याने वाहणारा बर्फ आणि वाऱ्याने रचलेला ढीग. म्हणजे मूळ लेखिकेने मागितलेला भेदच जवळजवळ. फरक एवढाच, की तिथे चारही वेगवेगळे मूळ शब्द आहेत आणि आपण तेच काम 'पडणारा', 'साचलेला' अशा धातुसाधितांनी करतो. याला मी भाषेची गरिबी म्हणणार नाही.

हाच घोळ 'व्हाइट ख्रिसमस'मध्येही आहे, आणि तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आपापसातला. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या व्याख्येत 25 डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी पुरतं, मग तो साचो न साचो. कॅनडात त्या दिवशी सकाळी सात वाजता जमिनीवर किमान 2 सेंटीमीटर बर्फ असावा लागतो, त्या दिवशी नवा पडला नाही तरी चालतं. एक देश पडणं मोजतो, दुसरा साचणं. म्हणून वर्तमानपत्रातलं 'शुभ्र नाताळ' वाचलं की मला विचारावंसं वाटतं, पडला की साचला?

प्रतिसाद

संस्कृतातला एक शब्द आपल्याकडे येता येता बदलून गेला, तो सांगते. तुषार. मराठीत तुषार म्हणजे कारंज्याचे, धबधब्याचे बारीक थेंब. संस्कृतात मात्र तुषार म्हणजे गोठलेलं दव, हिम. 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' आपण लहानपणापासून म्हणतो. त्यात सरस्वतीचा गोरेपणा कुंदासारखा, चंद्रासारखा आणि तुषारासारखा. पाण्याचे थेंब घेतले तर ती उपमा पांढरी होतच नाही. पहाटे गवतावर बर्फाची पांढरी साय पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती ओळ मला वयाच्या चाळिशीत कळली.

प्रतिसाद

थोडक्यात दोन गोष्टी. पाणी गोठतं, तूप थिजतं. 'तलाव थिजला' असं अलीकडे वाचलं, ते कानाला खटकतं. आणि 'बर्फ वितळला' की 'बर्फ वितळलं'? दोन्ही ऐकू येतात. माझ्या घरी पुल्लिंगच.

मूळ लेखिका

पुल्लिंगच माझ्याही घरी. सगळे प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. भुरभुर आणि लगदा त्यांना पसंत पडले. तुषारावर ते बराच वेळ गप्प होते, मग पूर्ण श्लोक म्हणून दाखवला.

उरतो तो त्यांना पाडणारा बर्फ. इंग्रजीत त्याला ब्लॅक आइस म्हणतात, पण 'काळा बर्फ' हे भाषांतर घातक आहे असं माझं ठाम मत आहे. तो काळा नसतोच. पारदर्शक असतो, खालचा डांबरी रस्ता त्यातून दिसतो म्हणून काळा वाटतो. काळा बर्फ सांगितलेला माणूस काळं काहीतरी शोधत चालेल आणि बाबांसारखाच पडेल. मी 'बर्फ धरलाय' म्हणायला लागले होते, जशी दुधावर साय धरते, भाकरीवर बुरशी धरते. पृष्ठभागाला चिकटलेला पातळ थर त्यातून बरोबर कळतो.

बाबांचा शब्द याहून छोटा निघाला. परत जायच्या आदल्या दिवशी ते बूट घालून दारात उभे होते, एका हाताने चौकट धरून. बाहेर बघत विचारलं, "आज काच आहे का?" होती. मी म्हटलं, "हो. कडेच्या बर्फातून चला." त्या दिवशी थंडी कडक होती, त्यामुळे कडेचा बर्फ त्यांच्या बुटांखाली नव्या चपलेसारखा करकरत होता. शून्याच्या आसपास तो असा वाजत नाही, नुसता दबतो. करकर ऐकू आली की पाय घसरणार नाही, हे त्यांनी दोन आठवड्यांत स्वतःच शोधून काढलं होतं.