शाळेची नदी-नोंद: ऑक्सिजनचा आकडा एवढा का उडतो?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, शिरोळ तालुका):
नववीची मुलं दर शनिवारी पंचगंगेच्या घाटावरून पाणी आणतात, शाळेत विंकलर पद्धतीनं (रसायनं टाकून ऑक्सिजन मोजण्याची रीत) विरघळलेला ऑक्सिजन काढतो. आकडा कधी ३, कधी ९ मिग्रॅ प्रतिलिटर. शिवाय गच्चीवरच्या पर्जन्यमापकात पाऊस तालुक्याच्या नोंदीपेक्षा कायम कमी. कुठं चुकतंय?

जलरसायन:
सर, नमुना किती वाजता घेता? शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री नदीतले सगळे जीव तो वापरतात. त्यामुळे पहाटे आकडा सर्वांत खाली, दुपारनंतर सर्वांत वर. ३० अंशाला हवेतून पाण्यात साधारण ७.६ मिग्रॅच मावतो. त्या तापमानाला ९ आला तर शेवाळ माजलंय असं समजा, पाणी स्वच्छ आहे असं नाही. वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळची.

दुसरं, ऑक्सिजन घाटावरच पक्का करा, म्हणजे रसायनांनी बांधून ठेवा. शाळेत नेईपर्यंत जिवाणू तो खातात. बादलीतून धार सोडून बाटली भरली तर हवा मिसळते; नळी ३०० मिलीच्या बीओडी बाटलीच्या (ऑक्सिजन चाचणीची घट्ट बुचाची काचेची बाटली) तळाशी टेकवून भरा, पाणी थोडा वेळ वरून वाहू द्या. मग मँगनीज सल्फेट २ मिली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट करा. साका (तयार होणारा गाळ) पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास नाही. तपकिरी झाला तर आहे. साका खाली बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मिली. हे शिक्षकांनीच करायचं, मोकळ्या हवेत, चष्मा-हातमोजे घालून. आता बाटली अंधारात शाळेत नेता येते. २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं अनुमापन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब मोजून टाका; जितके मिली लागले तितके मिग्रॅ प्रतिलिटर. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च (शेवट निळ्या रंगानं दाखवणारा) टाका, आधी टाकलात तर शेवटचा बिंदू नीट सापडत नाही. उरलेलं अझाइड बेसिनमध्ये ओतू नका, धातूच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार बनतात.

पाऊसपाणी:
गच्चीवर वारा थेंब तोंडावरून उडवून नेतो, म्हणून पाऊस कमी भरतो. मापक जमिनीवर आणा, कडा ३० सेंमी उंच, झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. वाचन रोज सकाळी ८:३० ला. हवामान खात्याची वेळ तीच. अकराला वाचलात तर दोन नोंदी जुळणारच नाहीत. मोजपात्र फुटलं असेल तर १२७ मिमी व्यासाच्या तोंडासाठी १२.७ मिली म्हणजे १ मिमी.

घाटवाला:
वहीत पाण्याचं तापमान आणि आदल्या तीन दिवसांचा पाऊस हे दोन रकाने जरूर घाला. पहिल्या पावसात शेतं-नाले धुऊन येतात आणि ऑक्सिजन घसरतो; पाऊस नोंदला नसेल तर त्या घसरणीचं कारण कळत नाही. पीएच मीटर ७ आणि ९.२ च्या बफरनं (ठरावीक पीएचचं द्रावण) जुळवा, नदीचं पाणी बहुधा त्याच टप्प्यात असतं. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, खराब होतो. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचा आकडा) मात्र विसंबू नका. तो फक्त क्षारांचा अंदाज देतो, सांडपाण्यातले जंतू त्यात दिसत नाहीत. त्यासाठी एचटूएस बाटली (जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी चाचणी): पाणी काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता. पुराच्या दिवसांत मुलांना पायऱ्यांवर उतरवू नका. त्या आठवड्याचा रकाना कोरा राहिला तरी चालेल.